मोठी आजी, छोटी आजी

माझी आजी गेली तेव्हा माझ्याकडे तिच्या आवाजाच्या दोन फायली होत्या. एक मी स्वतः गावच्या ओसरीवर फोनवर रेकॉर्ड केलेली. जात्यावरच्या ओव्या, चांगली पंचवीस मिनिटं. दुसरी आत्यानं तिच्या फोनवर घेतलेली. कारळ्याची चटणी कशी करायची, सात मिनिटं. दोन्ही फायलींचं नाव इंग्रजी अक्षरांत 'आजी'. फरक एवढाच, की माझ्या फायलीतला पहिला 'ए' मोठा, म्हणजे कॅपिटल होता, आणि आत्याकडून आलेल्या फायलीत सगळी अक्षरं छोटी.

हा अंक देवनागरीत आहे, त्यामुळे ती दोन नावं मी तुम्हाला लिहून दाखवूच शकत नाही. 'आजी' आणि 'आजी'. बघा, दिसतोय का फरक? नाही ना? हाच तर सगळा घोळ आहे!

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. तिथे या दोन वेगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदानं नांदत होत्या. लॅपटॉप म्हातारा झाला, तेव्हा मी एकाच आज्ञेत सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी केलं. काही एरर नाही, काही प्रश्न नाही. लॅपटॉप पुसून एका विद्यार्थ्याला देऊन टाकला. पुढे सहा महिन्यांनी जर्मनीतल्या एका काळोख्या रविवारी आजीची आठवण आली म्हणून पेन ड्राइव्ह लावला. फाईल एकच. नाव मोठ्या 'ए'चं, म्हणजे ओव्यांचं. उघडली, तर आत चटणी!

ओव्या गेल्या होत्या. मोठी आजी आधी कॉपी झाली आणि छोटी आजी मागून येऊन तिच्या जागेवर बसली. नाव पहिलीचं, आवाज दुसरीचा. माझे आणि आत्याचे फोन तोवर बदललेले. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, लोकांच्या कंपन्यांना बॅकअप कसा घ्यावा ते शिकवून पैसे घेणारा. आणि घरचीच आजी सांभाळता आली नाही.

तेव्हापासून हा मोठ्या-छोट्या अक्षरांचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेलो. निदान आपलं नुकसान नेमकं कोणामुळे झालं, हे तरी कळायला हवं! गंमत म्हणजे दोषी असा कोणीच सापडला नाही. सापडली ती शहाण्या माणसांनी आपापल्या काळात, आपापल्या अडचणींत घेतलेल्या निर्णयांची एक मोठी साखळी.

पहिली लिपी, दुसरी लिपी

आमच्या मराठी शाळेत पाचवीत इंग्रजी सुरू झालं, तेव्हा बाईंनी एकदम चार लिप्या शिकवल्या. पहिली लिपी, दुसरी लिपी, तिसरी, चौथी. आम्ही सगळे चक्रावलो होतो. आपला 'क' वाक्याच्या सुरुवातीलाही 'क' आणि शेवटीही 'क'. मग या इंग्रजांना एका अक्षराला इतकी सोंगं कशाला लागतात?

त्याचं उत्तर इंग्रजांच्याही आधीचं आहे. जुन्या रोमन लोकांनी दगडांवर कोरली ती मोठी अक्षरं. हातानं भराभर लिहिताना ती हळूहळू गोल आणि लहान होत गेली. इ. स. ८०० च्या सुमाराला शार्लमेन बादशहाच्या राज्यात एक नीटस छोटी लिपी रूढ झाली आणि आजची छोटी अक्षरं तिच्याच घराण्यातली. पुढे छपाई आली. खिळे जुळवणाऱ्यासमोर लाकडी खणांच्या दोन पेट्या असत, त्यांना म्हणायचं 'केस'. क्वचित लागणारी मोठी अक्षरं वरच्या पेटीत, सतत लागणारी छोटी हाताशी, खालच्या पेटीत. म्हणून अप्पर केस आणि लोअर केस. तेव्हा मंडळी, कॉम्प्युटरवाल्यांचे केस ज्या केसमुळे पांढरे होतात, ती मुळात छापखान्यातली एक लाकडी पेटी आहे.

मी राहतो त्या जर्मनीत तर मोठ्या अक्षराचा थाट आणखीच. इथे प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं. टेबल मोठं, कुत्रा मोठा, प्रेमसुद्धा मोठं! माझी मुलगी इथल्या शाळेत त्यापायी लाल शाई खाऊन येते आणि मला माझी पाचवी आठवते.

जागाच नव्हती हो!

माणसांनी हजार वर्षं दोन्ही अक्षरं वापरली. मग यंत्रांनी त्यातलं एक कुठे टाकलं? तारायंत्राच्या काळात. फ्रान्सच्या एमिल बोदोनं १८७४ मध्ये ज्या सांकेतिक पद्धतीचं पेटंट घेतलं, त्यात प्रत्येक अक्षराला पाच खुणा, प्रत्येक खूण 'आहे' किंवा 'नाही'. दोनाचा पाचवा घात ३२. इंग्रजी अक्षरं २६. आकडे आणि विरामचिन्हं त्याच जागांत बदलाबदली करून कशीबशी बसवायची. त्यात आणखी २६ छोटी अक्षरं कुठे घालणार? मुंबईच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे पाहुण्यांसाठी वेगळी खोली मागण्यातला हा प्रकार.

सुरुवातीच्या कॉम्प्युटरांनी हीच काटकसर उचलली. कितीतरी यंत्रांत एका अक्षराला सहा बिट, म्हणजे एकूण ६४ चिन्हं. त्यात आकडे, गणिताच्या खुणा आणि एकच वर्णमाला, मोठी. १९५७ मध्ये आलेली फोरट्रान ही भाषा मोठ्या अक्षरांत लिहिली जायची ती याचमुळे. १९६३ चं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र पुढे वर्षानुवर्षं कॉम्प्युटरचा कीबोर्ड आणि प्रिंटर म्हणून वापरलं गेलं. तेही फक्त मोठीच अक्षरं छापायचं.

मोठं वळण आलं १९६४ मध्ये. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेत सहाऐवजी आठ बिटांचा बाइट घ्यायचा, असा निर्णय फ्रेड ब्रुक्स यांनी घेतला. छोट्या अक्षरांना जागा मिळाली ती त्यामुळे. हेच ब्रुक्स पुढे सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापनावरच्या पुस्तकामुळे जगभर प्रसिद्ध झाले. पण आपल्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कोणता, असं विचारल्यावर त्यांनी या आठ बिटांचंच नाव घेतलं होतं. २०२२ मध्ये ते गेले. आज तुमच्या फोनवरचा प्रत्येक बाइट आठ बिटांचा आहे.

त्याच सुमारास आस्की नावाचं प्रमाणपत्रक तयार होत होतं. १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत छोटी अक्षरं नव्हतीच, पण त्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. १९६७ मध्ये ती आली, आणि फार हुशारीनं. मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, छोट्या 'ए'चा ९७. फरक ३२. प्रत्येक अक्षरात तोच फरक, म्हणजे एकच बिट चालू किंवा बंद. माझ्या आजीच्या ओव्या त्या एका बिटापायी गेल्या!

दोन घराणी

आता खरी गोष्ट सुरू होते. आपल्या गाण्यात जशी घराणी असतात, तशी कॉम्प्युटरमध्येही या प्रश्नावर दोन घराणी तयार झाली.

पहिलं घराणं काटकसरीचं. डेक या कंपनीच्या छोट्या यंत्रांवर सोळा बिटांच्या एका घरात तीन अक्षरं कोंबायची युक्ती होती. हिशोब बघा. २६ अक्षरं, १० आकडे, मोकळी जागा आणि दोन-तीन खुणा, मिळून ४० चिन्हं. तीन चिन्हांच्या जुळण्या ४० × ४० × ४० = ६४,०००. सोळा बिटांत मावतात ६५,५३६. अगदी काठोकाठ! त्यामुळे सहा अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांचं आडनाव असलेली फाईल तीनच घरांत बसायची. आता यात २६ छोटी अक्षरं घाला. ६६ × ६६ × ६६ = २,८७,४९६. मावणार कुठे? तेव्हा त्या फायलींची नावं मोठ्या अक्षरांत असणं हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हताच.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम ही छोट्या कॉम्प्युटरांची प्रणाली लिहिली, तिच्यावर या डेकच्या वळणाची छाप होती. नावाला आठ अक्षरं, आडनावाला तीन. तुम्ही काहीही टाइप करा, प्रणाली ते मोठ्या अक्षरांत बदलून घेणार. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या धर्तीवर एक प्रणाली लिहिली, ती मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस म्हणून घरोघरी गेली. आपल्यातल्या ज्यांनी फ्लॉपीवर काम केलंय त्यांना आठवत असेल, दिवाळी अंकाच्या लेखाला आठ अक्षरांत नाव द्यायचं म्हणजे कोडंच असायचं.

दुसरं घराणं युनिक्सचं. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स नावाची भव्य प्रणाली उभारायला घेतली होती. तिथे छोटी-मोठी दोन्ही अक्षरं होती आणि ती वेगवेगळी धरली जात. १९६९ मध्ये बेल लॅब्ज त्या प्रकल्पातून बाहेर पडली. तिथले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग स्वतःसाठी एक छोटी, सुटसुटीत प्रणाली लिहिली. ती युनिक्स. तिच्यात फायलीचं नाव म्हणजे नुसती बाइटची माळ, लांबी जास्तीत जास्त चौदा. बाइट जुळले तर नाव तेच, नाही जुळले तर नाव वेगळं. मोठा 'ए' ६५, छोटा 'ए' ९७, म्हणजे दोन वेगळी नावं. संपला विषय. प्रणालीनं भाषेच्या भानगडीत पडायचंच नाही.

मात्र जुन्या यंत्रांची गैरसोय होऊ नये म्हणून त्यांनी एक मजेदार सोय ठेवली होती. लॉगिन करताना कोणी आपलं नाव सगळं मोठ्या अक्षरांत दिलं, तर युनिक्स समजायचं, की याच्या यंत्राला बिचाऱ्याला छोटी अक्षरं येतच नाहीत. मग पुढचं सगळं ते आपणहून छोट्या अक्षरांत बदलून घ्यायचं. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांशी आपण जरा मोठ्यानं बोलतो ना, तसंच.

मधला मार्ग

तिसरा मार्ग काढला ॲपलनं. १९८४ चा मॅकिंटॉश सामान्य माणसासाठी होता आणि त्याची १९८५ ची फाईलपद्धती म्हणाली: तुम्ही नाव जसं लिहाल तसं मी जपून ठेवीन, पण शोधताना मोठं-छोटं एकच मानीन. माणसाच्या नजरेतून पाहिलं तर हे किती शहाणपणाचं! पोस्टमन पाकिटावर 'जोशी' हे नाव मोठ्या लिपीत आहे की छोट्या, हे बघून पत्र परत पाठवत नाही.

१९९५ मध्ये विंडोज ९५ नं लांब नावं आणली, तीही याच मार्गानं: २५५ अक्षरांपर्यंत नाव जपायचं, पण मोठं-छोटं वेगळं नाही धरायचं. खाली जुनी आठ-तीनची पद्धत तशीच चालू, म्हणून त्या नागमोडी खुणेची आणि एक आकड्याची शेपटी असलेली विचित्र नावं अधूनमधून डोकावायची. माझा पेन ड्राइव्ह याच घराण्यातला. त्याच्या दृष्टीनं दोन्ही आज्या म्हणजे एकच बाई! त्यानं चूक केलीच नाही. त्याला दुसऱ्यांदा 'आजी' लिही म्हटलं, त्यानं आहे त्या आजीवर लिहिलं. लिनक्सनंही चूक केली नाही. चूक होती ती दोन घराण्यांच्या वेशीवर, आणि वेशीवर पहारा ठेवायचं काम माझं होतं.

पण हा मधला मार्ग दिसतो तितका सोपा नाही. 'मोठं-छोटं एक मान' हे सांगणं सोपं, पण कोणत्या भाषेत? इंग्रजीत छोट्या 'आय'चा मोठा 'आय' होतो. तुर्की भाषेत १९२८ च्या लिपीसुधारणेपासून 'आय' दोन आहेत, एक टिंबवाला आणि एक बिनटिंबाचा. तिथे टिंबवाल्याचं मोठं रूपही टिंबासकटच. इथे जर्मनीत रस्त्याला 'श्ट्रासं' म्हणतात. छोट्या लिपीत त्यातल्या 'स'साठी एकच खास अक्षर, पण मोठ्या लिपीत लिहिताना त्या एकाचे दोन 'एस' करायची रीत. त्या अक्षराचं मोठं रूप २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं आणि जर्मन शुद्धलेखनानं ते अधिकृतपणे मान्य केलं थेट २०१७ मध्ये. म्हणजे अक्षराचं बारसं झालं आणि फायलींची नावं मात्र जुनीच!

मायक्रोसॉफ्टनं १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये यावर तोडगा काढला. कोणत्या अक्षराचं मोठं रूप कोणतं, याचा एक तक्ता प्रत्येक डिस्कवरच लिहून ठेवायचा. ६५,५३६ नोंदी, प्रत्येकी दोन बाइट. डिस्क तुर्कस्तानात न्या नाहीतर टिंबक्टूला, निवाडा त्याच तक्त्यानं व्हायचा.

हे नुसतं तांत्रिक किडे पाडणं नाही बरं का. गिट हे प्रोग्रॅमरांचं रोजचं अवजार. ते आपली सेटिंग्ज एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं, त्याचं नाव छोट्या अक्षरांत. बाहेरून आलेल्या कोणत्याही सामानात त्या नावाचं फोल्डर असेल तर गिट ते नाकारायचं. पण कोणी ते नाव मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलं तर? गिट म्हणायचं, हे वेगळं नाव, जाऊ दे आत. मॅक आणि विंडोज म्हणायचे, हे तर तेच फोल्डर! आणि परक्याची सेटिंग्ज तुमच्या सेटिंग्जवर जाऊन बसायची. म्हणजे तुमच्या मशीनवर त्याच्या आज्ञा चालवायची वाट मोकळी. डिसेंबर २०१४ मध्ये हे भोक बुजवलं गेलं. माझ्या आजीचं झालं तसंच, फक्त इथे आजीच्या जागी चोर.

गेल्या काही वर्षांत घराणी एकमेकांच्या घरी जाऊन येऊ लागली आहेत. २०१८ मध्ये विंडोज १० नं एखाद्या फोल्डरपुरता युनिक्सचा नियम लावायची सोय दिली. २०१९ मध्ये लिनक्सनं उलटं केलं, एखाद्या फोल्डरपुरतं मोठं-छोटं एक मानायची सोय. पण भांडण मिटलेलं नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२५ मध्येही फाईलपद्धतीनं मोठं-छोटं एक मानणं ही मुळातच चूक आहे, असं जोरात सुनावलं.

आपण सुटलो का?

तुम्ही म्हणाल, आपल्या देवनागरीला मोठं-छोटं नाही, म्हणजे फायलींची नावं मराठीत दिली की आपण सुटलो. मीही तेच म्हणालो होतो. आणि मग गाठ पडली 'ऱ'शी.

'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'साताऱ्याला' या शब्दांत जो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' येतो, तो कॉम्प्युटरवर लिहायच्या एकाहून जास्त रीती आहेत. 'ऱ' हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर घ्या आणि त्याचा पाय मोडा. किंवा साधा 'र' घ्या, खाली नुक्ता द्या आणि मग पाय मोडा. किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घाला. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखेच. आत बाइट निराळे. लिनक्सला या तीन निराळ्या फायली. मॅकची १९९८ पासूनची आणि २०१७ पर्यंत चाललेली फाईलपद्धती पहिल्या रीतीचं नाव स्वतःच फोडून दुसऱ्या रीतीनं साठवायची, त्यामुळे तिला पहिली दोन एक, पण तिसरी वेगळीच.

म्हणजे 'साताऱ्याचे फोटो' हे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसले, तर डोळे चोळू नका. एक तुम्ही केलाय, दुसरा ताईनं, आणि तुम्हा दोघांचे कीबोर्ड वेगळ्या घराण्यातले आहेत. इंग्रजीत निदान डोळ्यांना फरक दिसतो. आपल्याकडे तोही दिसत नाही.

या सगळ्या वाचनातून मी घरापुरते तीन नियम केले. ते इथे देतो, कारण आपण परदेशात राहणारी माणसं आपलं अर्धं घर असल्या फायलींमध्येच घेऊन फिरतो. एक, दोन फायलींच्या नावांत फक्त मोठ्या-छोट्या अक्षराचा फरक कधीही ठेवू नका. नावात तारीख घाला, माणसाचं नाव घाला, गावाचं घाला. दोन, कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायली मोजा. मी मोजल्या असत्या तर एक कमी भरली असती, आणि लॅपटॉप तेव्हा माझ्या हातात होता. तीन, कॉपी उघडून ऐका. नाव बरोबर आहे म्हणून आतलं माणूस तेच असेल, असं नाही.

उरलेली चटणीची सात मिनिटं मी आता चार ठिकाणी ठेवली आहेत. मागच्या दिवाळीत फराळाचं करताना बायकोनं ती स्वयंपाकघरात लावली. कारळे भाजताना आजी आत्याला सांगते, की तडतडायला लागले की लगेच उतरव. मग खलबत्त्याचा आवाज येतो. सहाव्या मिनिटाच्या आसपास बोलायचं थांबून, कुटता कुटता ती काहीतरी गुणगुणते. इतकी वर्षं माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ओवीच आहे ती. एक पूर्ण, दुसरी अर्धी. मग आत्या विचारते, मीठ किती? आणि ओवी तिथेच तुटते.

दीड ओवी. पंचवीस मिनिटांतली तेवढीच उरली. मुलीला ती आता पाठ झाली आहे. अर्धीच्या पुढे आजीसारखीच थांबते आणि विचारते, 'मीठ किती?'

फराळ झाला की घरच्या फायली एकदा मोजून घ्या.